लोकसंख्या काय म्हणते?

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मेयर म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि ते स्वतःही त्या नावाला ओ देत, त्यामुळे टोपणनावातली निम्मी मजा पहिल्याच वर्षी संपली असावी. पण लोकांनी सोडलं नाही. सकाळी लिफ्टमध्ये कुणी मराठी माणूस भेटला की विचारायचा, "काय मेयर, लोकसंख्या काय म्हणते?" आणि बाकीच्यांकडे बघून डोळा मारायचा. मेयर मात्र खरंच उत्तर द्यायचे. "एकानं कमी झाली होती, शाळेच्या बसची जुनी ड्रायव्हर गेली. पण दवाखान्यात नवी नर्स आलीय. नवरा आणि दोन मुलं आहेत. म्हणजे एकूण तिनानं वर." तोवर मजला आलेला असायचा आणि विचारणारा उतरून गेलेला असायचा.

ही लोकसंख्या सिंगापूरची नव्हे. पुण्याची तर नव्हेच, जरी ते मूळचे पुण्याचे. अमेरिकेच्या ऐन मधोमध, मक्याच्या शेतांमध्ये, एक टीचभर शहर आहे. कायद्यानं शहर, बघायला गेलं तर खेडं. मेयर तरुणपणी, सन दोन हजारच्या तोंडावर, वायटूकेच्या संगणक-दुरुस्तीच्या लाटेत, तिथे गेले. गावात मक्याचे दाणे डब्यात भरायचा एक कारखाना होता, त्याचं सॉफ्टवेअर नीट करायला. जेमतेम दीड-दोन वर्षं राहिले असतील. त्यानंतर सिंगापुरात वीस वर्षांवर काढली. पण "आमच्या गावी" असं म्हणाले की ते त्या गावाबद्दलच बोलत असायचे.

मी त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि सिंगापुरातल्या क्वीन्सटाउन भागात त्यांच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, दोन मजले वर राहत होते. म्हणजे दिवसा सर, संध्याकाळी शेजारी. त्यांची बायको, वहिनी, माझी मैत्रीण होती म्हणायला हरकत नाही, जरी त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मला स्वतःला माणसांचा फारसा पुळका नाही. त्यामुळे या दोघांबद्दल जे वाटतं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. इतरांबद्दल जे वाटतं ते मात्र व्यवस्थित सांगता येईल.

माणसं मोजायची त्यांची खोड भयंकर होती. लिफ्टमध्ये शिरले की मोजणार, हॉकर सेंटरमध्ये जेवायला टेबल शोधताना मोजणार. आमच्या घरी आले की दारातच विचारायचे, "आज किती जण?" माझी मुलगी लहान होती. ती आतून ओरडायची, "मम्मा, अंकल इज काउंटिंग अगेन लाह!" ते हसायचे आणि तिला म्हणायचे, "तू धरून तीन. तुला धरलंच पाहिजे." तेव्हा हे वाक्य मला बाकीच्या वाक्यांसारखंच वाटायचं.

एकदा जुरोंग ईस्टला ऑफिसचं ट्रेनिंग होतं. संध्याकाळी परतताना ते एमआरटीच्या फलाटावर खांबाला टेकून उभेच राहिले. एक गाडी आली, दारं उघडली, लोंढा उतरला. "हे बघा," ते म्हणाले, "उतरलं आमचं गाव." दुसरी गाडी आली. "हा आमचा तालुका." तिसरी आली. मी म्हटलं, "सर, चला, मला स्वयंपाक आहे." तर म्हणाले, "यातली शंभर माणसं उचलून तिकडे नेऊन ठेवली ना, तर शाळा चालू राहील. शंभर. इथे कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्यांचं ठरलेलं माप म्हणजे आमचा ब्लॉक. "आपल्या आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये मिळून अख्खं गाव मावेल. चर्चसकट. वर चार मजले भाड्यानं देता येतील." हे दरवेळी, प्रत्येक पाहुण्याला. वहिनी आतून चहा आणता आणता म्हणायच्या, "आता रेल्वेची टाकी सांगा, म्हणजे ते मोकळे होतील आणि तुम्हीही."

रेल्वेची टाकी म्हणजे गावाचा इतिहास. तो मी इतक्यांदा ऐकलाय की माझ्या स्वतःच्या आजोळचा इतका येत नाही. आगगाडीच्या इंजिनाला पाणी प्यायला एक टाकी बांधली. टाकीवाल्याला राहायला खोपटं बांधलं. खोपट्याशेजारी दारूचं दुकान निघालं आणि दारूच्या दुकानासमोर चर्च. झालं शहर. मग जर्मन आले, स्वीडनचे आले, त्यांचं एकमेकांशी पटेना म्हणून दुसरं चर्च. मग नाटकगृह, ते जळलं. मग कारखाना. कारखान्यामुळे गाव फुगलं आणि त्याच कारखान्याच्या जिवावर शंभर वर्षं कसंबसं फुगलेलं राहिलं.

मी एकदा विचारलं होतं, "आणि टाकीच्या आधी तिथे कोण होतं?"

"होती माणसं. हाकलली."

"किती होती?"

त्यांनी डब्यातली भाजी चमच्यानं एका बाजूला सारली. "त्यांना कुणी मोजलंच नव्हतं," असं म्हणाले, आणि त्या दिवशी पुढचा इतिहास झाला नाही.

एरवी त्यांचा खरा राग होता तो शेजारच्या गावावर. तो राग ऐकण्यासारखा होता. एके काळी सगळ्या मुलखाची कचेरी म्हणे यांच्या गावात होती. एका रात्री शेजारच्या गावचे लोक गाडे घेऊन आले, कचेरीतली दप्तरं त्यात घातली आणि पळवून नेली. दप्तर जिथे, कचेरी तिथे, असा तेव्हाचा कायदा. दुसऱ्या दिवसापासून ते गाव मोठं आणि हे गाव धाकटं. याला शंभराहून जास्त वर्षं झाली. मेयर तिथे राहिले किती, तर दीड-दोन वर्षं. पण भाऊबंदकीत बांध कोरला जावा तसे ते चिडायचे. "चोर लेकाचे," म्हणायचे. शाळांच्या बास्केटबॉलमध्ये शेजारच्या गावाचा संघ हरला की त्या दिवशी ऑफिसात बर्फी.

हे सगळं त्यांना कळायचं ते त्या गावच्या साप्ताहिकातून. ते इंटरनेटवर यायचं. दुपारी जेवताना ते मृत्यूच्या बातम्या आधी वाचायचे, मग जन्माच्या. म्हातारा न्हावी गेला त्या दिवशी त्यांनी डब्यातला शिरा खाल्ला नाही. वहिनींना ते कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मी गेले तर यांना दोन दिवसांनी कळेल. तिथला न्हावी गेला की सुतक धरतात."

आता आमच्या लोकांबद्दल.

इथला मराठी माणूस नवीन मराठी माणसाला भेटला की नाव नंतर विचारतो, आधी विचारतो, "पीआर झालं का?" पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. मुक्काम किती दिवसांचा आहे ते समजल्याशिवाय ओळख वाढवायची की नाही हे ठरवता येत नाही. ज्याचं झालंय तो ज्याचं झालेलं नाही त्याला जे सल्ले देतो, ते ऐकून घेण्यासारखे असतात. नाकानं कांदे सोलायचे तर परदेशातल्या मराठी माणसानंच. मेयरांचं पीआर कधीच झालं नाही. अर्ज केला, नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. कारण कुणी सांगत नाही. मग ते वर्षानुवर्षं नोकरीच्या पासावरच राहिले. पास नोकरीला बांधलेला, फ्लॅट पासाला आणि घरातलं सामान फ्लॅटला.

आमच्या इथल्या मराठी मंडळात एक सेक्रेटरी होते, बँकेत मोठ्या पदावर, आता इथले नागरिक. गणपतीच्या मीटिंगला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मेयर, तुमचं मूळ गाव नक्की कुठलं? एक सांगा. मक्याचं की सदाशिव पेठेचं?" सगळे हसले. मेयर शांतपणे म्हणाले, "पुण्यात रेशनकार्डावरून नाव कमी केलं. मतदारयादीत सापडत नाही. इथे माझ्या नावावर पास आहे, मी नाही. ज्या गावानं मला गावचा माणूस म्हणून मोजलं ते एकच आहे." यावर सेक्रेटरींनी "वा!" म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. मेयर मला येताना बसमध्ये म्हणाले, "हसतील त्यांचे दात दिसतील." पण त्यांचा आवाज तसा नव्हता.

खरी गोष्ट मला वहिनींनी सांगितली. बहिणीच्या बाळाचं बारसं होतं म्हणून मी लिटिल इंडियात चांदीचे वाळे घ्यायला निघाले होते, आणि त्यांना मटकी आणि कढीपत्ता हवा होता म्हणून त्या बरोबर आल्या. सराफानं काचेवर वाळ्यांचे तीन-चार जोड मांडले. मी एक उचलून त्यांना विचारलं, "हे मोठे होतील का हो?" त्यांनी बोटानं तो जोड माझ्या हातात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "मला काय माहीत. आमच्याकडे बारसं झालंच नाही."

मग बाहेर, भाजीच्या टोपल्यांच्या शेजारी उभ्या राहून, हातातला कढीपत्ता निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं. त्या गावच्या लहानशा दवाखान्यात मार्च संपता संपता त्यांना मुलगी झाली. आठवडाभर होती. बाराव्या दिवसापर्यंत पोचली नाही, म्हणून नाव ठेवलं नाही. पुण्याला फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लहानाला अग्नी देत नाहीत, पुरायचं. दिवस-वार काही करायचं नाही, सुतकही नाममात्र. त्यांनी शास्त्र सांगितलं, त्यांचंही काही चुकलं नाही. गावच्या कबरस्तानात एका झाडाजवळ जागा दिली. तिथला माणूस विचारायला आला, दगडावर काय नाव घालू. नाव नव्हतंच. आणि दोघांनी विचार केला, आपण कुठे इथे राहणार आहोत, वर्षभरात परत जाऊ, मागे दगड कशाला. नको म्हणून सांगितलं. त्या माणसानं आडनावाची एक पत्र्याची पट्टी तेवढी खोचून ठेवली.

"दगड नको म्हणालो," वहिनी म्हणाल्या. "पैशासाठी नाही हो. आपल्यात नसतंच, म्हणून."

मग काही आठवड्यांनी जनगणनेची बाई दारात आली. त्या देशात दहा वर्षांनी मोजतात, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्या घरात जितकी माणसं राहत होती तितकी धरतात. बाईनं विचारलं, किती? मेयर म्हणाले, तीन. बाईला दोनच दिसत होती. तिनं तिसरं कोण म्हणून विचारलं आणि यांनी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई ऐकत होती. मग, पहिल्या तारखेला होती ना, मग ती धरायची, असं म्हणून तिनं तीन लिहिले आणि यांचा हात हातात घेतला. वहिनी आतल्या खोलीत होत्या, सगळं ऐकत होत्या.

"कशाला सांगितलंत लोकांना, असं मी विचारलं," वहिनी म्हणाल्या. "अजून विचारते. माझी होती ती. मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा धड नाही. आणि यांनी दारावरच्या बाईला सांगून टाकलं." त्यांनी कढीपत्ता परत टोपलीत ठेवला. मटकीही घ्यायची राहिली.

अमेरिकेत गावाच्या वेशीवर हिरवी पाटी असते. गावाचं नाव आणि खाली लोकसंख्या. मोजणी झाली की नवा आकडा लावतात. तो आकडा लागेपर्यंत हे दोघं तिथून निघालेही होते, पण मेयरांनी कुणाकडून तरी पाटीचा फोटो मागवला. त्या आकड्यात त्यांची मुलगी होती. नाव नाही, दगड नाही, श्राद्ध नाही. आकड्यात मात्र होती, आणि दहा वर्षं वेशीवर उभी होती. पुढच्या मोजणीला पाटी बदलली, आकडा घसरला. त्याच्या पुढच्या मोजणीला आणखी घसरला. मेयरांना आता एकच काळजी होती. गावात माणसं आहेत तोवर कुणीतरी त्या कबरस्तानातलं गवत कापेल. माणसंच संपली तर कोण कापणार? मक्यासाठी त्या जागेवर नांगर फिरवायला कितीसा वेळ लागतो?

लोक मात्र लिफ्टमध्ये विचारत होते, लोकसंख्या काय म्हणते.

मी त्यांच्यावर पहिल्यांदा चिडले ते बसमध्ये. एका नव्या वसाहतीवरून आम्ही चाललो होतो. चकचकीत इमारती, मुलांना खेळायला घसरगुंड्या. ते म्हणाले, "इथे आधी कबरस्तान होतं. सगळं उकरून हलवलं. इथे ठरावीक वर्षं झाली की कबर उकरतातच." मी म्हटलं, "बरोबर आहे, जागाच नाही तर काय करणार? इथे मेल्यावरही पास मुदतीचाच." त्यांना ते आवडलं असावं असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "इथे माणसं फार म्हणून हलवतात. तिथे माणसं नाहीत म्हणून विसरतील. मग मी तिला ठेवायचं तरी कुठे?" असले प्रश्न भर बसमध्ये विचारणाऱ्याचा मला राग येतो. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तुम्ही म्हणाल, एकदा जाऊन दगड बसवून का नाही आले? त्याचं असं झालं की मुलगी गेल्यावर लगेच कारखान्यानं त्यांचं काम बंद केलं. काम गेलं की त्या देशात राहायची मुदत जाते. पण वहिनी उठून बसायच्या स्थितीत नव्हत्या. तेव्हा ते मुदत उलटूनही राहिले, बरेच महिने राहिले, आणि ते कुठेतरी नोंदलं गेलं. पुढे इथून ज्या ज्या वेळी व्हिसा मागितला त्या त्या वेळी नकार आला.

शेवटच्या वेळी ते अमेरिकन वकिलातीत गेले तेव्हा मी बाहेर वहिनींबरोबर बसले होते. ते अर्ध्या तासात बाहेर आले. काय झालं ते त्यांनी रस्ता ओलांडायला सिग्नलपाशी थांबलो तेव्हा सांगितलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कशासाठी जायचंय. हे म्हणाले, मुलीला भेटायला. त्याला बरं वाटलं, हसून विचारलं, मुलीचं नाव काय. हे गप्प. वय काय. हे पुन्हा गप्प. मग त्यांनी खरं सांगितलं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, सॉरी म्हणाला, आणि कागद परत सरकवला.

"कशाला सांगितलंत मुलगी म्हणून?" वहिनी म्हणाल्या. "गाव बघायचंय म्हणायचं. म्हातारा मित्र आहे म्हणायचं. काहीही म्हणायचं."

"खोटं बोलू का तिच्याबद्दल?"

"खरं बोलून काय मिळालं? आजवर काय मिळालं?"

सिग्नल हिरवा झाला तरी ते दोघं तिथेच उभे होते आणि लोक त्यांना वळसा घालून जात होते.

तसा एक म्हातारा तिथे खरंच होता. गवत कापणारा. कबरस्तानाचा कारभार गावातली तीन वयस्क माणसं बघायची. त्यांतला हा एक, आणि यंत्र फक्त यालाच चालवता यायचं. मेयरांनी त्याच्याशी संधान बांधलं होतं. वर्षातून एकदा, वसंतातली पहिली कापणी झाली की तो त्या झाडाजवळच्या जागेचा फोटो पाठवायचा. फोटोत असायचं काय, तर गवत आणि ती पत्र्याची पट्टी. एका वर्षी पट्टी यंत्राखाली येऊन वाकली, तर त्यानं स्वतः ठोकून सरळ केली आणि तसं कळवलं. मेयर तो फोटो ऑफिसात मला दाखवायचे. वहिनींना घरी दाखवायचे की नाही मला माहीत नाही. मी बघणार नाही, असंच त्या म्हणाल्या असत्या.

एका दुपारी ते जेवायला बसले, साप्ताहिक उघडलं आणि वाचून बंद केलं, डबा उघडलाच नाही. म्हणाले, "गवत कापणारा गेला." मी म्हटलं, "दुसरा कुणी असेल की." ते म्हणाले, "उरलेल्या दोघांतल्या एकाला दिसत नाही. दुसरी व्हीलचेअरमध्ये आहे." त्या वसंतात फोटो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

कारखाना तर त्याच्या आधीच बंद पडला होता. मग शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. त्या दिवशी मेयर इतके चिडले होते की त्यांनी मला विनाकारण एक अहवाल पुन्हा करायला लावला. मग पोस्ट आठवड्यातून काहीच दिवस उघडायला लागलं. आणि शेवटी गावातल्या उरल्यासुरल्या लोकांनी मत देऊन गावच मोडायचं ठरवलं. तिकडे तसं करता येतं. शहर म्हणून नाव काढून टाकायचं, मेयर नाही, कौन्सिल नाही, दिवाबत्ती आणि रस्ते कचेरीच्या गावानं बघायचे. कचेरीचं गाव म्हणजे ते शेजारचं. दप्तरं पळवणारं.

"कबरस्तानही त्यांच्याकडेच गेलं," मेयर म्हणाले. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

म्हण म्हणताना ते हसले. मला हसू आलं नाही. मंडळाच्या पुढच्या मीटिंगपर्यंत सेक्रेटरींना कुठूनसं कळलं होतंच. "मेयर, तुमची खुर्ची गेली म्हणे," ते म्हणाले. वेशीवरची हिरवी पाटीही काढली असणार. शहर नाही तर लोकसंख्या कसली? ज्या आकड्यात ती एकदा होती, तो आकडा लावायची जागासुद्धा आता उरली नव्हती. हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी आधीच विचार केलेला असणार.

त्यानंतर सहा-आठ महिन्यांत आमच्या कंपनीनं आमचा विभागच दुसऱ्या देशात हलवला. तरुणांना दुसरीकडे कामं मिळाली. मेयर पन्नाशी ओलांडलेले, त्यांना मिळालं नाही. काम गेलं की पास जातो. पुन्हा तेच, दुसऱ्या देशात, तीस दिवसांत आवरा आणि निघा. वीस वर्षांचं सामान विकायला काढलं तेव्हा मंडळातल्यांनी फ्रीज आणि सोफा इतक्या कमी भावात मागितला की वहिनींनी सोफा खाली वॉइड डेकमध्ये, तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, नुसताच नेऊन ठेवला. ज्याला हवा तो घेऊन जाऊ दे म्हणाल्या.

निरोपाचा कार्यक्रम सेक्रेटरींच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये होता. पावभाजी, गुलाबजाम, आणि मुलांसाठी रंगीत मार्कर, निरोपाच्या मोठ्या कार्डावर सह्या करायला. भाषणं झाली. ज्यांनी आयुष्यात मेयरांचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं ते म्हणाले, आम्ही एक चालताबोलता ज्ञानकोश गमावतोय. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता सरप्राइज!" आणि त्यांनी टेबलाखालून एक मोठा हिरवा पुठ्ठा काढला. अमेरिकेतल्या पाटीसारखा, पांढऱ्या अक्षरांत, मेहनतीनं रंगवलेला. खोटं कशाला बोलू, पाटी छान झाली होती. त्यावर लिहिलं होतं:

मेयर निवास, पुणे
लोकसंख्या २

हशा आणि टाळ्या. मेयर हसत उठले, पाटी हातात घेतली आणि आकड्याकडे बघताना त्यांचं हसू तसंच राहून गेलं. फोटोसाठी वहिनींना शेजारी बोलावलं. त्या आल्या. त्यांनी पाटी वाचली. मग त्या मुलांच्या टेबलाकडे गेल्या, तिथून काळा मार्कर घेतला, परत आल्या, आणि नवऱ्याच्या हातातली पाटी न काढता, तशीच पोटाशी धरून ठेवायला लावून, दोनावर आडवी रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिले. ठसठशीत.

सगळ्यांनी माना पुढे काढून पाटी पुन्हा वाचली. मग सेक्रेटरी म्हणाले, "अरे वा, वहिनी! या वयात गुड न्यूज की काय?" आणि सगळा हॉल हसला. बायका जास्त हसल्या. कुणीतरी शिट्टीही वाजवली. मी त्या दिवशी त्यांतल्या एकेकाचं तोंड नीट बघून ठेवलंय. मला त्यांच्यापैकी कुणाशी आता बोलावंसं वाटत नाही, आणि मी बोलत नाही.

वहिनींनी त्या हसण्याकडे लक्षच दिलं नाही. फोटो काढून झाला. लोक गुलाबजामकडे वळले. मेयर पाटी धरून तसेच उभे होते. त्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात जे वाक्य नेहमी वहिनींच्या तोंडी असायचं, ते त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "कशाला सांगितलंस लोकांना?"

"सांगितलं कुठे?" वहिनी म्हणाल्या. "मोजलं."

आणि त्या वाकून टेबलाखाली मार्करचं टोपण शोधायला लागल्या.